एसटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचा) गाळ वाळवून मार्गी लावायचाय? नाशिकच्या पावसाळ्यापासून सुरुवात करा

सांडपाणी प्लांट अपग्रेड करायचा म्हटलं की सगळी चर्चा पाण्याची होते, बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) ३० वरून १० वर आणायचा, गोदावरीत स्वच्छ पाणी सोडायचं, आणि ते बरोबरच आहे. पण पाण्यातून काढलेली घाण कुठे जाते हा प्रश्न डीपीआरमध्ये (प्रकल्पाच्या सविस्तर अहवालात) शेवटच्या दोन पानांत उरकलेला असतो. मी बरीच वर्षं गाळाच्या बाजूला काम करतोय आणि माझं म्हणणं एकच आहे, गाळाचा प्लांट हा वेगळा प्लांट आहे असं समजून त्याचं डिझाइन करा आणि ते ऑगस्ट महिना डोळ्यासमोर ठेवून करा, मे महिना नाही.

ऑगस्टच का, तर मे महिन्यात नाशिकमध्ये काहीही वाळतं. कोरडं ऊन, वारा, उघड्या बेडवर (गाळ वाळवायच्या वाफ्यावर) पातळ थर टाकला तरी दहा-पंधरा दिवसांत भेगा पडतात आणि फावड्याने उचलता येतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत तोच बेड म्हणजे डबकं. गाळ यायचा काही थांबत नाही, टाकीत साठत जातो, एमएलएसएस (टाकीतल्या पाण्यात तरंगणारा गाळ) वाढत जातो आणि एक दिवस जोराच्या पावसात क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून) सगळा गाळ पाण्याबरोबर नदीत. म्हणजे काय झालं, वाळवायला जागा नव्हती म्हणून पाण्याचा रिझल्ट बिघडला. आणि आपल्याकडे तर २०२७च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं येतायत ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच, ऐन श्रावण-भाद्रपदात. गर्दी जास्त, मैला जास्त आणि वाळवणीला सगळ्यात वाईट दिवस, तिन्ही एकत्र.

पहिलं काम, गाळ मोजा

डिझाइनच्या पुस्तकातला आकडा घेऊन मशीन मागवू नका. प्रत्येक प्लांटचा गाळ वेगळा असतो. तपोवन, आगर टाकळीच्या जुन्या युनिटमध्ये यूएएसबी (हवेशिवाय कुजवणारी पद्धत) आहे, तिथला गाळ कमी निघतो, मुरलेला असतो आणि पाणी पटकन सोडतो. त्याच जागी एसबीआर (हवा देऊन टप्प्याटप्प्याने शुद्ध करणारी पद्धत) आला की पाणी छान होतं पण गाळ बराच वाढतो, वर तो मऊ, चिकट, पाणी धरून ठेवणारा. जुन्या गाळाचे आकडे धरून नव्या प्लांटची मशीनं घेतली की पहिल्याच वर्षी कमी पडतात, हे मी होताना बघितलंय.

मोजायचं कसं ते सांगतो. वेस्ट स्लजच्या (बाहेर काढायच्या गाळाच्या) लाइनवर फ्लोमीटर चालू आहे का ते आधी बघा, बहुतेक ठिकाणी तो बंद असतो. रोज तीन-चार वेळा सॅम्पल, १०५ अंशाला ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा म्हणजे कोरडा गाळ किती ते कळतं, तेच मग ५५० अंशाला भट्टीत जाळा म्हणजे जळणारा भाग किती आणि राख-माती किती ते कळतं. निदान उन्हाळ्याचा एक महिना आणि पावसाळ्याचा एक महिना तरी हे करा, कारण आपल्याकडे पावसात रस्त्याचं पाणी ड्रेनेजमध्ये शिरतं आणि गाळात माती-रेती एकदम वाढते.

एक उदाहरण घेऊ. ५० एमएलडीचा (दिवसाला ५० दशलक्ष लिटर) प्लांट, लिटरमागे १७० मिलीग्रॅम बीओडी काढला तर दिवसाला ८,५०० किलो. एसबीआरमध्ये प्रायमरी टाकी नसते, तेव्हा किलोमागे साधारण ०.८ किलो कोरडा गाळ धरा, म्हणजे ६.८ टन रोज. ऐकायला हा आकडा छोटा वाटतो. पण टाकीतून निघताना तो ०.८ टक्के घट्टपणाचा असतो, बाकी सगळं पाणी, म्हणजे ८५० घनमीटर पाणीदार गाळ. सेंट्रीफ्यूजमधून (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनमधून) २० टक्क्यांचा केक, म्हणजे पिळलेला गाळ, निघाला तर ३४ टन. वाळवून ९० टक्के केला तर साडेसात टन. ८५० टनांचे साडेसात टन, हा सगळा प्रवास फक्त पाणी काढण्याचा आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर पाणी काढायचा भाव वेगळा. पिळून काढलेलं पाणी स्वस्त, तापवून उडवलेलं पाणी महाग. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली तर पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

दुसरं काम, धातू तपासा, आणि हे मशीनच्या आधी

हा मुद्दा नाशिकसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून जरा थांबतो इथे. सातपूर आणि अंबडच्या आसपास प्लेटिंगची, पावडर कोटिंगची, मशीनिंगची असंख्य छोटी युनिटं आहेत. त्यातल्या थोड्यांनी जरी रात्रीत क्रोम-निकेलचं पाणी ड्रेनेजला सोडलं तरी ते पाण्यात राहत नाही, गाळाला चिकटतं. पाण्याचा रिपोर्ट चांगला येतो आणि गाळ खराब होतो.

आपल्याकडे गाळ खत म्हणून द्यायचा तर खत नियंत्रण आदेश १९८५ मधल्या सिटी कंपोस्टच्या मर्यादा समोर ठेवतात. कोरड्या वजनावर किलोमागे क्रोमियम ५० मिलीग्रॅम, निकेल ५०, शिसं १००, तांबं ३००, जस्त १०००, कॅडमियम ५, आर्सेनिक १० आणि पारा फक्त ०.१५. जिथे प्लेटिंगचं पाणी येतं तिथे क्रोम आणि निकेल सगळ्यात आधी फसतात.

आता यातली एक गोम जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. समजा कच्च्या गाळात क्रोम ४० आहे, म्हणजे पास. तुम्ही डायजेस्टर (गाळ बंद टाकीत कुजवून गॅस काढणारं युनिट) बांधला, गाळातला ६५ टक्के भाग सेंद्रिय होता आणि त्यातला ४० टक्के गॅस होऊन उडून गेला. गाळ उरला ७४ टक्के, पण क्रोम तेवढाच राहिला, तो काही गॅस होत नाही. म्हणजे ४० चे झाले ५४, फेल. म्हणून रिपोर्ट कच्च्या गाळाचा बघून खताचा प्लॅन करायचा नाही, शेवटी पोत्यात काय असणार त्याचा हिशोब करायचा.

आकडे जास्त आले तर मशीनला दोष देऊन उपयोग नाही, वाळवणी धातू काढत नाही. उलट चालत जा. आधी प्रत्येक पंपिंग स्टेशनचं सॅम्पल, मग ज्या लाइनवर आकडा चढलाय तिथली मॅनहोल, रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेतले सॅम्पल मुद्दाम घ्या. बारा मॅनहोल तपासून तीन ठिकाणी येऊन थांबता येतं, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाला नेमकी गल्ली सांगता येते. मोघम तक्रारीवर कुणी हलत नाही, आकडा दिला की हलतात.

जाणार कुठे ते आधी ठरवा

ड्रायर किती टक्क्यांपर्यंत हवा हे गाळ कुठे जाणार त्यावर ठरतं. उलटं करू नका.

जमिनीत द्यायचा असेल तर जंतूंचा प्रश्न येतो. या कामात बऱ्याच ठिकाणी अमेरिकेचा गाळाच्या वापराचा १९९३चा पार्ट ५०३ नियम वापरतात, आपल्याकडचे इंजिनिअरही तोच धरतात. त्यात वरचा दर्जा म्हणजे क्लास ए, ग्रॅममागे फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जंतू) १,००० च्या आत. गरम करून वाळवण्याच्या पद्धतीत गाळ किंवा त्यातून निघणारी हवा ८० अंशांच्या वर गेली पाहिजे आणि ओलावा १० टक्के किंवा कमी पाहिजे. क्लास बी म्हणजे २० लाखांच्या आत, तो गाळ वाटेल तिथे टाकता येत नाही, जमिनीखाली येणाऱ्या पिकाला तर, गाळ चार महिने वर पडून न राहता मातीत मिसळला असेल तर, ३८ महिने थांबायचं बंधन आहे. आता आपला जिल्हा कांद्याचा. कांदा आणि क्लास बी गाळ यांची गाठ घालायची नाही, विषय संपला.

द्राक्षालाही देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. निफाड-दिंडोरीचा शेतकरी एक्सपोर्टसाठी रेसिड्यूचे (फवारणीच्या औषधांच्या अंशांचे) रिपोर्ट करून करून थकलेला असतो, त्याच्या मालाला गाळाचा नुसता संशय जरी चिकटला तरी त्याचं वर्ष जातं. आपल्या सोयीसाठी त्याला धोक्यात घालायचा अधिकार आपल्याला नाही. महापालिकेच्या बागा, दुभाजक, रस्त्याकडेची झाडं, नर्सरी, वनीकरण, जुन्या खाणी भरून त्यावर माती करायची असेल तर तिथे, इथून सुरुवात करा. काही वर्षं स्वतःच्या जमिनीवर वापरून मातीचे रिपोर्ट जमवा, मग शेतकऱ्याकडे जा. अमेरिकेत मिल्वॉकी शहर १९२६पासून वाळवलेला गाळ पोत्यात भरून खत म्हणून विकतंय, ते इतकी वर्षं टिकलं ते प्रत्येक लॉटच्या तपासणीवर. आपल्या शेजारी अहमदाबादने वेगळा रस्ता घेतला, वाळलेल्या गाळावर कोबाल्ट ६० चे गॅमा किरण सोडून जंतू मारायचे, भाभा अणु संशोधन केंद्राचं तंत्र, दिवसाला १०० टनांचं युनिट. जंतूंचं काम चोख होतं, पण धातू तसेच राहतात आणि गाळ आधी वाळवावा लागतोच.

चुना मारून भागेल का असं पण विचारतात. पीएच १२ दोन तास आणि पुढचे २२ तास ११.५ च्या वर ठेवला तर वास आणि माशा थांबतात, खर्चही कमी. पण नाशिकची काळी जमीन आधीच चुनखडीची, त्यात आणखी चुना गेला की लोह लागू होत नाही आणि पानं पिवळी पडतात. तेव्हा चुना हा अडचणीतला उपाय म्हणून ठेवा, एक-दोन सायलो आणि मिक्सर प्लांटवर असू द्या, ड्रायर बंद पडला तर उपयोगी पडेल.

जाळण्यासाठी द्यायचा तर सिमेंट भट्टी. कच्चा वाळवलेला गाळ किलोला साधारण २,५०० ते ३,५०० किलोकॅलरी देतो, डायजेस्ट झालेला त्याहून कमी, कारण चांगला भाग गॅसमध्ये गेलेला असतो. अडचण अशी की आपल्या जवळपास मोठी सिमेंट भट्टी नाही, त्या विदर्भाच्या टोकाला चंद्रपूरकडे. म्हणून ओला केक पाठवायचा विचारसुद्धा करू नका, पाणी भाड्याने फिरवण्यासारखं आहे ते. ९० टक्के वाळवून, बॅगेत किंवा झाकलेल्या हायवा डंपरमध्ये. आणि भट्टीवाल्यांकडून ओलावा, क्लोरीन, पारा, राख यांच्या मर्यादा लेखी घ्या आणि मगच ड्रायरची ऑर्डर.

धातूंमध्ये फेल झालेला गाळ खत डेपोवर टाकायचा नाही. घातक कचऱ्याच्या निकषांवर तपासून गरज पडली तर अधिकृत घातक कचरा केंद्रातच.

पिळा, भरपूर पिळा

वरच्याच उदाहरणात केक २० ऐवजी २५ टक्क्यांचा निघाला तर ३४ टनांचे २७ टन होतात. ९० टक्क्यांपर्यंत वाळवायला आधी २६.४ टन पाणी उडवायचं होतं, आता १९.६ टन. टन पाण्यामागे ९०० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता धरली तर रोजची ६,००० युनिट वाचली, आणि तीही ड्रायरला हात न लावता. म्हणून पैसे आधी पिळण्यावर घाला.

सेंट्रीफ्यूज घ्या की स्क्रू प्रेस, यावर लोक भांडतात. सेंट्रीफ्यूज कमी जागेत बसतो, केक चांगला देतो, पण वीज जास्त खातो आणि पावसाळ्यातल्या रेतीने आतला स्क्रोल (मळसूत्र) घासून निघतो. स्क्रू प्रेस सावकाश फिरतो, वीज कमी, आवाज नाही, आपला ऑपरेटर सहज सांभाळतो. लहान प्लांटला मी स्क्रू प्रेस सांगतो, मोठ्याला सेंट्रीफ्यूज, पण दोन्हींत एक जास्तीचं मशीन हवंच. त्याआधी ग्रिट चेंबर (रेती खाली बसवणारी टाकी) नीट करा, नाहीतर काहीही घेतलं तरी रेती त्याला खाणार.

पॉली, म्हणजे गाळाचे कण एकत्र धरणारं पॉलिमर, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ऑपरेटर डब्याने पावडर ओततो, गोळे होतात, केक ढिला येतो मग तो आणखी ओततो. जार टेस्ट दर आठवड्याला करा, वेगवेगळ्या पॉलीचे चार-पाच नमुने तुमच्याच गाळावर. ०.१ ते ०.२ टक्क्याचं द्रावण, ४५ मिनिटं ते तासभर मुरू द्या. कोरड्या गाळाच्या टनामागे ५ ते १० किलोच्या दरम्यान खप असला पाहिजे, १५ च्या पुढे गेलं तर काहीतरी चुकतंय. आणि मशीनमधून निघणारं पाणी हातात धरून बघा, काळं असेल तर तुम्ही गाळ परत टाकीत पाठवताय. निदान ९५ टक्के गाळ केकमध्ये गेलाच पाहिजे.

डायजेस्टर हवा का

मोठ्या प्लांटला हो. गाळ कमी होतो, वास कमी होतो आणि गॅस मिळतो. पण ‘गॅसवर ड्रायर फुकट चालेल’ असं कुणी सांगितलं तर कागद-पेन घ्या. आपल्या ६.८ टनांतून ४० टक्के सेंद्रिय भाग फुटला तर दिवसाला १,५०० घनमीटरच्या आसपास बायोगॅस, म्हणजे सुमारे ९,५०० युनिट उष्णता. त्यातली काही डायजेस्टर ३५-३७ अंशांवर ठेवायला जाते, आणि आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो तेव्हा जास्तच जाते. उरलेल्या गाळाला वाळवायला १५,००० युनिट तरी लागतात. म्हणजे गॅस निम्म्याच्या आसपास भार उचलेल, उरलेलं दुसरीकडून आणायचं. हॉटेलचं खरकटं मिसळलं तर गॅस वाढतो, पाथर्डीच्या खत प्रकल्पाच्या आवारात शौचालयांचा मैला आणि खरकटं एकत्र कुजवून वीज करायचा प्रकल्प जर्मन मदतीने उभा राहिलाय, तो अनुभव घरातच आहे. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड काढणारा स्क्रबर मात्र पहिल्या दिवसापासून, नाहीतर इंजिन खराब.

ड्रायर निवडताना

सोलर शेड म्हणजे काचेचं किंवा पॉलीकार्बोनेटचं छप्पर, खाली फरशी, गाळ उलटणारं यंत्र आणि पंखे. वीज फार कमी लागते. युरोपात वर्षाला चौरस मीटरमागे ७०० ते १,००० किलो पाणी उडतं. आपल्याला रोजचे २६.४ टन म्हणजे वर्षाला ९,६०० टन उडवायचंय, म्हणजे साधारण अडीच ते साडेतीन एकर. आपलं ऊन जास्त आहे हे खरं, पण चार महिने हवेतच इतका ओलावा असतो की पंखे कितीही फिरवा. आणि नुसत्या सोलरने क्लास ए मिळतोच असं धरून चालू नका, तापमान तेवढं चढत नाही.

बेल्ट ड्रायरमध्ये केकच्या शेवया पाडून जाळीच्या पट्ट्यावर गरम हवा सोडतात, ८० ते १३० अंश, धूळ कमी, टाकाऊ उष्णता चालते. पॅडल ड्रायर आटोपशीर, पण वाफ किंवा थर्मिक ऑइल (उष्णता वाहणारं तेल) लागतं, म्हणजे बॉयलर, बॉयलरचा माणूस, सगळं आलं. आणि एक लक्षात ठेवा, गाळ साधारण ५० ते ६० टक्के कोरडा होताना डिंकासारखा चिकट होतो, तिथेच शाफ्ट अडकतात, मोटारी जळतात. वाळलेला माल थोडा परत मिसळून तो टप्पा ओलांडता येतो, बेल्टमध्ये हा त्रास कमी.

नाशिकसाठी माझी पसंती जोडीला आहे. आठ महिन्यांच्या हिशोबाची सोलर शेड, जी केकला आधी ६०-७० टक्क्यांवर आणेल, आणि पुढे बेल्ट ड्रायर जो उन्हाळ्यात कमी भाराने फक्त शेवटचं काम करेल आणि पावसाळ्यात पूर्ण भार घेईल. ड्रायर पावसाळ्याच्या पूर्ण गाळावर मोजायचा, सरासरीवर नाही. शेडची जागा तपोवनसारख्या भागात मिळणं अवघड, वस्ती टेकलीय, तिथे केक दुसऱ्या प्लांटवर नेऊन एकाच ठिकाणी वाळवणं परवडतं का ते तपासा. वासाची हवा बायोफिल्टरमधून (वास खाणाऱ्या जंतूंच्या थरातून) सोडा, ड्रायर बंदिस्त आणि आतली हवा खेचणारा ठेवा. लोकांचा विश्वास वासाने जातो, आणि गेला की परत येत नाही.

आग

वाळलेला गाळ म्हणजे बारीक इंधन आहे. धूळ हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली तर स्फोट होतो, आणि गरम माल ढीग लावून ठेवला तर आतून स्वतःच तापतो. मी एका ठिकाणी असताना ड्रायरमधून निघालेला माल थंड न करताच गोदामात रचला गेला, वरून छप्पर गळत होतं. चौथ्या दिवशी ढिगातून धूर. कुणाला काही झालं नाही, पण विझवायला पाणी मारलं तेव्हा आतला भाग लाल होता. तेव्हापासून मी सांगतो, माल ४० अंशांच्या खाली आल्याशिवाय साठवायचा नाही, ढीग उंच नको, आत तापमानाचे प्रोब, कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर, धूळ झाडूने नाही तर व्हॅक्यूमने. आणि छप्पर गळकं नको, ओला झाला की जंतूही परत वाढतात.

परतीचं पाणी

पिळलेलं पाणी परत इनलेटला जातं. डायजेस्टरनंतरच्या या पाण्यात लिटरमागे ५०० ते १,००० मिलीग्रॅम अमोनिया सहज असतो. फ्लोच्या एक टक्का पाणी पण नायट्रोजनचा १५-२० टक्के भार. एक टाकी बांधा आणि ते रात्री, जेव्हा इनफ्लो कमी असतो तेव्हा, हळूहळू सोडा. एवढंच केलं तरी अर्धी डोकेदुखी जाते.

टेंडरमध्ये हे लिहाच

पेमेंट ओल्या टनावर ठेवलं की ठेकेदाराला पाणी काढण्यात रस राहत नाही, जितका ओला माल तितकं बिल. कोरड्या गाळाच्या टनावर पेमेंट ठेवा, वजनकाटा प्लांटवर हवा आणि प्रत्येक गाडीचा ओलावा लॅबमधून. परफॉर्मन्स टेस्ट दोन, एक नेहमीची आणि एक जुलै-ऑगस्टमध्ये सलग आठवडाभर, आणि दुसरी पास होईपर्यंत शेवटचा हप्ता नाही. यावर ठेकेदार कुरकुर करतात, कारण टेस्ट मेमध्ये उरकायची सवय आहे. हटू नका. पॉली, वीज आणि इंधन कोरड्या टनामागे किती याची हमी घ्या, जास्त गेलं तर त्यांच्या बिलातून.

आणि माणसं. गाळ अडकला की टाकीत उतरून काढ असं सांगायची जुनी सवय अजून आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं बंद आहे, आणि कायदा नसता तरी ते चूकच होतं, हायड्रोजन सल्फाइड दोन श्वासांत माणूस पाडतो. डिझाइनमध्येच अशी सोय मागा की कुठल्याही हॉपरमध्ये, सायलोत, डायजेस्टरमध्ये माणूस न उतरता तो मोकळा करता येईल, वरून फ्लशिंग लाइन, बाहेरून उघडणारे दरवाजे. प्रत्येक शिफ्टला चार गॅसचा डिटेक्टर, धनुर्वात, टायफॉइड आणि हिपॅटायटिसच्या लसी, गरम पाण्याची आंघोळीची सोय आणि कामाचे कपडे प्लांटवरच धुवायचं मशीन, म्हणजे ते कपडे घरी लेकरांच्या कपड्यांत जाणार नाहीत. या मशीनचा खर्च एस्टिमेटमध्ये पहिल्या पानावर टाका, मागे टाकलं की कापलं जातं.